पाव इंचाचा हिशेब

दिवाळी सरली, की घरोघरी ट्रंका आणि पलंगपेट्या उघडतात. वर्षभर डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून राहिलेल्या रजया, शाली, गोधड्या गच्चीवर उन्हाला येतात. महाराष्ट्रातल्या घरांत हे काम जरा पुढे-मागे झाले तरी चालते. पण उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना ते टाळता येत नाही. झाशीचेच उदाहरण घ्यावे. मे महिन्यात अंगाची लाही करणारे हे गाव जानेवारीच्या रात्री हुडहुडी भरवते. अठराव्या शतकात मराठ्यांच्या सत्तेबरोबर अनेक मराठी घराणी इथे आली आणि रुजली. १८४२ साली मणिकर्णिका तांबे इथल्या गणेश मंदिरात नेवाळकरांची सून झाली आणि लक्ष्मीबाई म्हणून ओळखली जाऊ लागली, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या घराण्यांनी उत्तरेची रुईदार रजई स्वीकारली, पण जुन्या नऊवारीची गोधडी सोडली नाही. रजईच्या आत, अगदी अंगालगत गोधडीच हवी, हा हट्ट अजूनही अनेक घरांतून ऐकू येतो.

आता या गोधडीला नवे रूप देण्याची हौस मुली-सुनांना वाटू लागली आहे. मोबाइलवर देशोदेशीच्या गोधड्यांची चित्रे दिसतात आणि त्यांत डोळ्यांत भरतो तो ‘लॉग केबिन’ नावाचा चौकोन. मध्ये एक लहानसा लाल चौकोन, त्याच्याभोवती एकापाठोपाठ एक फिरत गेलेल्या पट्ट्या. चौकोनाचा अर्धा भाग फिका, अर्धा गडद. दिसायला अगदी सोपा. सगळ्या सरळ रेघा, ना कुठे गोलाई, ना टोकदार कोपरा.

समजा, गजबजलेल्या इलाइट चौराह्याजवळच्या एखाद्या मराठी घरात सुनेने हा चौकोन शिवायला घेतला आहे. कापड आहे सासूबाईंच्या आईच्या दोन नऊवारी साड्यांचे. चार चौकोन होतात आणि सून म्हणते, “आई, हे बघा ना. कापले तर सगळे सारखे होते, मग एक मोठा नि एक लहान कसा झाला?” सासूबाई चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, “अगं, थोडं ओढून घे, बसेल.”

इथेच सगळे बिघडते. ओढून घेतलेली गोधडी पहिल्या धुण्यात कुठे फुगते, कुठे आक्रसते. साधे चादरीचे कापड असते तर दुसरे आणता आले असते. पण आजीची साडी पुन्हा बाजारात मिळत नाही. दीड इंचाच्या पट्ट्या एकदा कापल्या, की त्यांची साडी परत होत नाही. म्हणूनच या चौकोनाचा नेमकेपणा हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही. हाती असलेले कापड वाया जाऊ न देण्याचा प्रश्न आहे.

आपली गोधडी आणि हा चौकोन

पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवणाऱ्या हातांनाही लॉग केबिन चकवते, याचे कारण दोन्हींच्या घडणीत आहे.

आपल्याकडे गोधडी शिवताना आधी पूर्ण मापाचे अस्तर जमिनीवर अंथरतात. त्यावर जुन्या कापडांचे थर आणि वर ठिगळे मांडतात, मग कडेकडेने धावदोरा घालत आत येतात. गोव्याच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंद’ शिवतात, तीही याच अंगाने. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेने एकेक तुकडा लावत फिरायचे आणि शेवटी मध्यावर येऊन थांबायचे. चार कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी घातलेली फुले लावायची. या पद्धतीत गोधडीचे माप पहिल्या दिवशीच ठरलेले असते. एखादा तुकडा कमी पडला तर दुसरा सरकवून घेता येतो. चूक आत जिरते.

लॉग केबिनमध्ये सगळे उलट असते. सुरुवात मध्यावरून, वाढ बाहेरच्या दिशेने. प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीच्या आधाराने उभी राहते. त्यामुळे आतली चूक बाहेरच्या प्रत्येक फेरीत मुरत जाते, वाढत जाते आणि शेवटी कडेला येऊन उघडी पडते.

अमेरिकेत ही पद्धत १८६०च्या दशकात, तिथल्या यादवी युद्धाच्या सुमारास लोकप्रिय झाली. ओंडके एकमेकांवर रचून बांधलेल्या घरावरून तिला नाव मिळाले. मधला लाल चौकोन म्हणजे घरातली चूल, फिकी बाजू म्हणजे उजेडाची आणि गडद बाजू म्हणजे सावलीची, असे मानले जाते. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन या बेटावर असाच नमुना जुन्या काळापासून शिवतात. तिथल्या बायका फूटपट्टी न घेता हाताच्या वितीने आणि बोटांनी मापे घेत, कापड फाडून पट्ट्या करत आणि एका पायाच्या कापडावर त्या शिवत. आपल्या आज्याही वीत-बोटांनीच मोजत. पण लक्षात घ्यायचे ते हे, की त्या बेटावर माप हाताचे असले तरी प्रत्येक चौकोनाखाली ठरलेल्या मापाचे कापड होते. पायाचे कापड न घेता नुसत्या पट्ट्यांना पट्ट्या जोडायच्या, तर फूटपट्टी हवीच.

चूक होते तरी कुठे?

शिलाईसाठी दोन्ही कापडांच्या कडेला जी जागा सोडतात, तिला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. लॉग केबिनमध्ये ही माया पाव इंच, म्हणजे दोन सूत असते. आता समजा, हात जरा आत गेला आणि माया दोन सुतांऐवजी अडीच सूत झाली. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. डोळ्याला दिसतही नाही. पण एका जोडात दोन कापडे असतात, दोन्हींची माया वाढते. म्हणजे प्रत्येक जोडामागे एक सूत कापड जास्त खाल्ले जाते.

मधल्या चौकोनाभोवती तीन फेऱ्या घातल्या, तर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सहा जोड येतात. सहा जोडांत सहा सूत, म्हणजे तब्बल पाऊण इंच. साडेआठ इंचांचा व्हायचा तो चौकोन पावणेआठ इंचांचा होतो. अशा चार चौकोनांची ओळ केली, की तीन इंच गेलेच.

सगळेच चौकोन सारखे लहान झाले, तर एक वेळ निभावून नेता येते. गोधडी थोडी लहान होईल इतकेच. पण एक चौकोन सोमवारी दुपारी निवांत शिवलेला असतो आणि दुसरा शनिवारी रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजत. दोघांची माया सारखी राहत नाही आणि चौकोन एकमेकांना बसत नाहीत. तेव्हा पहिला नियम हा, की माया सारखी हवी, आणि ती हाताच्या सवयीवर नाही तर मशीनवर केलेल्या खुणेवर ठरायला हवी.

कापड निवडताना

* सगळे कापड एकाच जातीचे घ्यावे. सुती तर सगळे सुती. टेरिकॉट आणि सुती एकत्र आले, की एक आटते, दुसरे आटत नाही. टेरिकॉट घसरते आणि गरम इस्त्रीने चुरमडते ते वेगळेच.

* झाशी जिल्हा सॉफ्ट टॉइजसाठी ओळखला जातो. उत्तर प्रदेश सरकारच्या २०१८ सालच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या नावापुढे हाच धंदा आहे. पण खेळण्यांचे लवदार कापड या कामासाठी मुळीच घेऊ नये. त्याची जाडी आणि लव मायेचा हिशेब चुकवतात.

* नवे आणि जुने कापड एकत्र वापरायचे असेल, तर नवे आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून घ्यावे. जे आटायचे ते आधीच आटू द्यावे.

* लाल, मरून, गडद निळा हे रंग तपासल्याशिवाय घेऊ नयेत. पांढरे फडके ओले करून कापडावर घासावे. फडक्याला रंग लागला तर ते कापड रंग जाईपर्यंत धुवावे, नाहीतर बाजूला ठेवावे.

* जुनी साडी उजेडासमोर धरून बघावी. जिथे कापड विरले असेल तिथे उजेड जास्त दिसतो. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताण दिल्यावर धागे सरकले तर तो भाग सोडून द्यावा.

* मऊ पडलेल्या कापडाला तांदळाच्या पेजेची किंवा साबुदाण्याची पातळ खळ द्यावी आणि इस्त्री करून मगच कापावे. लुगड्याचे मऊ सूत खळीशिवाय कापले तर पट्टी कातरीखालीच वाकडी होते. गोधडी पुरी झाल्यावर पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि मऊपणा परत येतो.

किती कापड लागेल?

चार चौकोन आडवे आणि सहा उभे, म्हणजे २४ चौकोनांची लहान मुलाची गोधडी धरू. तयार झाल्यावर एक चौकोन ८ इंचांचा. म्हणजे मधला भाग ३२ इंच रुंद आणि ४८ इंच लांब. भोवती चार इंचांची किनार लावली की ४० बाय ५६ इंच.

एका चौकोनाला दीड इंच रुंदीची फिकी पट्टी एकूण ३० इंच आणि गडद पट्टी एकूण ३६ इंच लागते. ३६ इंच म्हणजे एक वार! म्हणजे एक वार लांबीच्या एका पट्टीत एका चौकोनाच्या सगळ्या गडद पट्ट्या बसतात. अशा २४ पट्ट्यांना ३६ इंच रुंदीचे कापड लागते आणि नऊवारीत काठ सोडून तेवढी रुंदी सहसा मिळते. कापताना थोडे इकडे-तिकडे होणार म्हणून एक वाराऐवजी सव्वा वार धरावे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एका गोधडीसाठी नऊवार साडी पूर्ण कापायची गरजच नाही. पदराच्या विरुद्ध टोकाकडचे सव्वा वार फिक्या साडीचे आणि सव्वा वार गडद साडीचे पुरते. भोवतीची किनार आणि अस्तर दुसऱ्या कापडाचे घ्यावे. पदर आणि उरलेली साडी शाबूत राहते. पुढे दुसऱ्या नातवंडासाठी तीच उपयोगी पडते.

मधल्या चौकोनासाठी लाल खणाचा तुकडा शोभून दिसतो. अडीच इंचांचे २४ चौकोन ३० इंच लांब आणि ५ इंच रुंद तुकड्यात निघतात. खणाचा रंग मात्र आधी तपासून घ्यावा.

कापताना

पट्ट्या नेहमी साडीच्या लांबीच्या दिशेने, काठाला समांतर कापाव्यात. लांबीच्या दिशेचा धागा कमी ताणतो. रुंदीच्या दिशेचा जास्त ताणतो आणि उरेब कापलेली पट्टी तर रबरासारखी वागते. सरळ धागा सापडत नसेल, तर कापडाला लहानशी चीर देऊन एक धागा ओढून काढावा. जी रेघ उमटते तीच खरी सरळ रेघ.

काठ पट्ट्यांत घेऊ नये. त्याची वीण घट्ट असते, जाडी वेगळी असते. जरीचा काठ लहान मुलाच्या अंगाला टोचतोही. साधा सुती काठ भोवतीच्या किनारीसाठी ठेवता येतो.

मापासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच फूटपट्टी वापरावी. कापडी टेप वर्षानुवर्षांच्या वापराने ताणली जाते. दोन टेपांत सूत-दोन सुतांचा फरक सहज निघतो. स्टीलची पट्टी उत्तम. दीड इंच रुंदीचा साचा करायचा असेल तर तो पुठ्ठ्याचा नको. पेन्सिल फिरून फिरून पुठ्ठ्याची कड झिजते आणि विसाव्या पट्टीला माप बदललेले असते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा किंवा जाड प्लॅस्टिकच्या फाइलचा साचा टिकतो.

खडूला धार करून घ्यावी. बोथट खडूची रेघच अर्धा सूत जाड असते. रेघेवर कापायचे की रेघेच्या आत, हे एकदा ठरवावे आणि मग बदलू नये. रोटरी कटर आणि त्याची मॅट असेल तर काम लवकर होते, पण चांगली धार लावलेली कातर असली तरी पुरे. मात्र एका वेळी दोनपेक्षा जास्त घड्या कातरीने कापू नयेत. खालची घडी सरकते.

मशीनची परीक्षा

साडीला हात लावण्यापूर्वी जुन्या चादरीवर ही परीक्षा जरूर करावी. दीड इंच रुंद आणि चार इंच लांब अशा तीन पट्ट्या कापाव्यात. त्या पाव इंच माया ठेवून एकमेकींना लांबीत जोडाव्यात आणि इस्त्री करावी. आता मधल्या पट्टीची रुंदी मोजावी. ती बरोबर एक इंच आली पाहिजे आणि तिन्ही मिळून रुंदी साडेतीन इंच.

मधली पट्टी एक इंचापेक्षा कमी भरली, तर माया जास्त जात आहे. जास्त भरली, तर माया कमी आहे. बहुतेक वेळा ती कमीच भरते, कारण कापड दुमडताना घडीतच एक-दोन धाग्यांची जागा जाते. म्हणून शिलाई पाव इंचाच्या किंचित आत, एखादा धागा कमी ठेवून घालावी लागते.

योग्य अंतर सापडले, की मशीनवर सुईखालच्या धातूच्या पट्टीला त्या जागी चिकटपट्टीचे तीन-चार पदर एकावर एक लावावेत. त्याची लहानशी भिंत तयार होते. कापडाची कड त्या भिंतीला लागून सरकत राहिली की झाले. नजर सुईवर ठेवण्याऐवजी या भिंतीवर ठेवावी. काळ्या पायमशीनवरही ही युक्ती तितकीच चालते. अनेकांचा समज असतो, की प्रेशर फूटची कड म्हणजे पाव इंच. सगळ्या मशीनना ते लागू पडत नाही, म्हणून मोजून बघावे.

सुई नवी आणि बारीक असावी. मऊ सुती कापडाला ११ किंवा १४ नंबर ठीक. दोरा बारीक सुती घ्यावा. जाड दोरा जोडात जागा खातो. एका इंचात १० ते १२ टाके पडतील असे बघावे. सुरुवातीला एका चिंधीवर दोन-चार टाके घालून तसेच पुढे पट्टीवर यावे, म्हणजे मशीन पट्टीचा कोपरा खाली ओढत नाही.

मशीन नसेल तर हातानेही हा चौकोन उत्तम होतो. पट्टीच्या उलट बाजूला पाव इंचावर बारीक पेन्सिलने रेघ मारावी आणि रेघेवरच धावदोरा घालावा. दर चार टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्यावा, म्हणजे जोड सैल पडत नाही.

चौकोन जोडताना

आधी सगळ्या पट्ट्या लांबीच्या मापाने कापून, नंबर घालून, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्यात. मापे अशी:

मधला चौकोन: २.५ बाय २.५ इंच.

पहिली फेरी (रुंदी १.५ इंच): फिक्या २.५ आणि ३.५ इंच, गडद ३.५ आणि ४.५ इंच. फेरी झाल्यावर चौकोन ४.५ इंच.

दुसरी फेरी: फिक्या ४.५ आणि ५.५ इंच, गडद ५.५ आणि ६.५ इंच. फेरी झाल्यावर चौकोन ६.५ इंच.

तिसरी फेरी: फिक्या ६.५ आणि ७.५ इंच, गडद ७.५ आणि ८.५ इंच. फेरी झाल्यावर चौकोन ८.५ इंच.

(शेजारच्या चौकोनांना जोडताना दोन्ही कडांची माया जाऊन तो ८ इंचांचा होतो.)

बऱ्याच जणी लांबच लांब पट्टी जोडतात आणि शिवून झाल्यावर उरलेली कापून टाकतात. वेळ वाचतो खरा, पण चूक झाकली जाते. तुकडा वाकडा झाला असला तरी पट्टी मुकाट्याने त्याच्याएवढी कापली जाते. शिवताना लांब पट्टी नकळत ताणलीही जाते आणि चौकोनाच्या कडा झालरीसारख्या हलू लागतात. मापाची कापलेली पट्टी मात्र खोटे बोलत नाही. माया अर्धा सूत जरी जास्त गेली असेल, तरी दुसऱ्याच पट्टीला एक सूत शेपूट उरते. ते शेपूट कापून पुढे जाऊ नये. तिथेच थांबावे, जोड उसवावा आणि पुन्हा घालावा. दुसऱ्या पट्टीला उसवायचा असतो एक जोड. बाराव्या पट्टीला कळले तर अकरा.

जोडण्याचा क्रम प्रत्येक चौकोनात सारखा हवा. सोपी खूण अशी: तुकडा सुलट बाजू वर करून समोर ठेवावा, शेवटी जोडलेली पट्टी वरच्या बाजूला यावी आणि नवी पट्टी उजव्या कडेला जोडावी. प्रत्येक वेळी असेच फिरवत गेले, की क्रम चुकत नाही. आधी दोन फिक्या, मग दोन गडद, हे प्रत्येक फेरीत पाळावे. नवी पट्टी लावताना आधी दोन्ही टोकांना टाचणी लावावी, मग मध्यावर. टाचणीवरून सुई नेऊ नये, जवळ आली की काढून घ्यावी. खालच्या बाजूची माया उलटी दुमडली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री हवीच. आधी जोड बंद असतानाच वरून इस्त्री दाबावी, म्हणजे टाके बसतात. मग पट्टी उघडून, माया बाहेरच्या बाजूला घेऊन पुन्हा दाबावी. इस्त्री दाबायची असते, ओढायची नसते. कपड्यांवर फिरवतो तशी फिरवली तर पट्टी धनुष्यासारखी वाकते. वाफही जपून वापरावी. वीज नसली तर निदान नखाने किंवा चमच्याच्या मागच्या बाजूने जोड नीट दाबून घ्यावा.

प्रत्येक फेरी पूर्ण झाली, की चौकोन मोजावा. चारही बाजू मोजाव्यात आणि दोन्ही कर्णही. बाजू सारख्या असूनही कर्ण वेगळे आले, तर चौकोन तिरका झाला आहे.

चुकलेच तर?

* अर्धा सूत कमी-जास्त असेल तर सोडून द्यावे. कापड तेवढे सांभाळून घेते.

* एक सुतापेक्षा जास्त फरक असेल तर शेवटच्या फेरीचे जोड उसवावेत. उसवताना दर चौथा टाका कापून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा. कापड ओढू नये.

* सगळे चौकोन झाल्यावर काही लहान निघाले, तर सर्वांत लहान चौकोनाच्या मापाने बाकीचे कापता येतात. त्यात फक्त शेवटची पट्टी थोडी अरुंद होते. पण चारही बाजूंनी सारखे कापावे, एकाच बाजूने नाही.

* लहान चौकोन ताणून मोठ्याला जोडणे, हा उपाय नव्हे.

* पट्ट्यांचे माप जमतच नसेल, तर आइल ऑफ मॅनची युक्ती करावी. जुन्या पातळ धोतराचा साडेआठ इंचांचा चौकोन कापावा. त्यावर सगळ्या जोडांच्या रेघा पेन्सिलने आखाव्यात आणि पट्ट्या त्या रेघांवर शिवाव्यात. गोधडी थोडी जड होते, पण रेघ चुकू देत नाही. झाशीच्या थंडीत तो जास्तीचा थर उपयोगीच पडतो.

मांडणीची मजा

चौकोन तयार झाले, की ते आधी पलंगावर मांडून बघावेत. चार चौकोनांच्या फिक्या बाजू मध्ये आणल्या, की उजेडाचा एक मोठा चौकोन उभा राहतो. सगळे चौकोन एकाच दिशेने ठेवले तर नांगराच्या तासांसारख्या तिरक्या रेघा उमटतात. मध्यापासून फिरवत मांडले तर शंकरपाळ्यामागून शंकरपाळे मोठे होत जाते. फिके-गडद नीट उठून दिसत नसेल, तर डोळे किलकिले करून बघावे, किंवा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढावा. दोन रंग वेगळे असूनही फोटोत सारखे दिसले, तर त्यांतला एक बदलायला हवा. हे पट्ट्या कापण्याआधीच तपासले तर आणखी बरे.

चौकोन आधी आडव्या ओळींत जोडावेत. एका ओळीची माया डावीकडे, दुसऱ्या ओळीची उजवीकडे दाबावी, म्हणजे ओळी जोडताना जोड एकमेकांत बसतात. किनारीचे माप गोधडीच्या कडेला मोजू नये, मध्यावर मोजावे. कड नेहमी थोडी ताणलेली असते. त्या मापाची किनार लावली तर गोधडीच्या कडा लाटांसारख्या होतात.

अस्तर आणि टाके

खाली अस्तर, मध्ये जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा एखाद-दुसरा थर आणि वर जोडलेले चौकोन, असे अंथरून तिन्ही थर मोठ्या टाक्यांनी एकमेकांना अडकवावेत. जोडांवर कापडाचे तीन-चार पदर येतात आणि तिथून सुई नीट जात नाही. म्हणून धावदोरा पट्टीच्या मधोमध घालावा. तेवढा वेळ नसेल तर प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर आणि कोपऱ्यांवर जाड दोऱ्याची गाठ मारली तरी थर सरकत नाहीत. शेवटी भोवती गोट लावावा.

एक काळजी मात्र घ्यावी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर किंवा शेजारी झोपेत सैल पांघरूण ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोवर ही गोधडी जागेपणी जमिनीवर अंथरून बाळाला तिच्यावर खेळू द्यावे.

गोधडी पुरी झाली, की कापडाचे उरलेले तुकडे फेकू नयेत. प्रत्येक कापडाचा एक वीतभर तुकडा गोधडीबरोबरच धुऊन, एका छोट्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवावा. दहा-पंधरा वर्षांनी एखादी पट्टी विरेल, तेव्हा ठिगळाला तेच कापड, त्याच रंगाचे हाताशी असेल. आणि पिशवीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे: साडी कोणाची, गोधडी कोणासाठी, साल कोणते आणि पट्टीचे माप दीड इंच.